अडीच डावऱ्या काठ्या

आमच्या घरात काठ्यांची वाण कधीच नव्हती. गोठ्याच्या कुडाला बैल हाकायची तुतारी टेकलेली असायची, दारामागे विंचूकाट्यासाठी ठेवलेला जाड बांबू, अंगणात लुगडी वाळत घालायची लांब वेळूची काठी, आणि चुलीजवळ मायची ती बोटाएवढी निरगुडीची छडी, जी कुणाला लागलेली मी कधी पाहिली नाही पण जिच्या नावानं घर चालायचं. या सगळ्यांत बाबांची काठी वेगळी होती. बाभळीच्या मुळाजवळचा वाकडा भाग नेमका खाली येईल अशी तोडलेली, काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत केलेली आणि वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तिला दुसऱ्या कामासाठी हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. अंगणात कुत्रं शिरलं तरी बाबा त्या काठीकडे पाहायचे नाहीत, पायातली चप्पल काढून फेकायचे.

बाबा फौजेतून हवालदार होऊन परतले तेव्हा आमच्या देऊळघाटच्या लोकांना वाटलं होतं की त्यांच्या ट्रंकेतून काहीतरी जबरदस्त निघेल. निघाल्या दोन घोंगड्या, दाढीचा आरसा, आणि एक जाड लोकरी मोजा, ज्यात पांढरे चेंडू गच्च कोंबलेले होते. गुडघा दुखावल्यावर नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांना नागपूरजवळच्या छावणीत गोल्फच्या मैदानाची निगा राखायला ठेवलं होतं. पहाटे लांब बांबूनं गवतावरचं दव झाडायचं, छिद्राभोवतालची हिरवळ गालिच्यासारखी कापायची, रोज छिद्राची जागा बदलायची, पाणी द्यायचं. झुडपांत हरवलेले आणि कुणी परत न मागितलेले चेंडू त्या मोज्यात जमा झाले होते. या बारा वर्षांत त्यांनी स्वतः एकही चेंडू मारला नव्हता. मनाई कुणी केली नव्हती, पण मारावा असंही कुणी म्हटलं नव्हतं. सगळा खेळ ते नुसता पाहून शिकले होते. हिरवळीवर ते कायम अनवाणी असायचे आणि तिच्यावर कुणी बसलेलं त्यांना चालायचं नाही, साहेब असला तरी. आपल्या हवालदारी आवाजात ते नम्रपणे म्हणायचे, "सर, घास को तकलीफ होती है." हे सांगताना त्यांना अजून अभिमान वाटायचा.

गावाबाहेर आमचं थोडं, बहुतेक कोरडवाहू वावर होतं आणि त्याला लागून मोकळी पडीक जमीन. ज्वारी निघाली की त्या पडीकावर उन्हानं पिवळं पडलेलं गवत तेवढं उरायचं. सकाळी बैलांना वैरण टाकून झाली की बाबा तो मोजा आणि ती बाभळीची काठी घेऊन तिथं जायचे आणि मी त्यांच्या मागं. पहिल्यांदा त्यांनी काठी माझ्या हातात दिली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. "मार," एवढंच म्हणाले. मी काठी जशी हातात बसली तशी धरली, म्हणजे डावरी, आणि मारला. चेंडू गेला. बाबांनी तो कुठं पडला ते पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, माझ्या डाव्या हाताकडे न पाहणारा त्या काळातला तो एकच माणूस असावा.

कारण बाकी सगळे पाहायचेच. माय जेवताना माझा डावा हात चिंधीनं कमरेशी बांधायची. तिच्या मनात दुष्टावा अजिबात नव्हता. ती गाठ सैल मारायची आणि जेवण झालं की तो हात स्वतःच्या तळव्यात घेऊन चोळायची. "डाव्या हातानं जेवशीन तर सासरचे मले इचारतीन, मायनं काय शिकवलं म्हणून," असं म्हणायची. शाळेत एक गुरुजी होते, ते पट्टीची कड बोटांच्या पेरांवर मारायचे. तीन वर्षांत मी उजव्या हातानं लिहायला शिकले. अक्षर चांगलं झालं, बक्षीसही मिळालं. पण अजूनही पत्र लिहायला बसले की आपण दुसऱ्या कुणाचा हात उसना आणला आहे असं वाटतं. भाकर थापणं, दगड मारून बोरं पाडणं, विळ्यानं कडबा कापणं, हे सगळं डाव्यानंच राहिलं, कारण त्याची परीक्षा कुणी घेत नव्हतं.

बाभळीच्या काठीला डावं-उजवं नसतं. तिचा वाकडा भाग दोन्ही बाजूंनी सारखा होता, म्हणून पाच-सहा वर्षं हा प्रश्न कधी आलाच नाही. मारलेले चेंडू आम्ही शोधायचो, थोडे सापडायचे, थोडे शेजारच्या वासुदेवभाऊंच्या तुरीत जायचे. वासुदेवभाऊ म्हणजे आमचे बांधकरी, मोठे शेतकरी, आवाज असा की नाल्यापलीकडून बोलले तरी घरात ऐकू यावं. आठवड्यातून एकदा ते धोतराच्या ओच्यात चार-पाच चेंडू घेऊन यायचे आणि ओट्यावर एकेक मांडत म्हणायचे, "हवालदार, तुमची कोंबडी माह्या तुरीत अंडे देऊन राह्यली." माय त्यांना चहा द्यायची. चेंडू परत मोज्यात जायचे.

मी बुलढाण्याला कॉलेजात जायला लागले त्या वर्षी माघ महिन्यात एक पोस्टकार्ड आलं. हमीदचाचांचं. ते छावणीच्या मैदानामागं काठ्या दुरुस्तीचं काम करायचे आणि बाबांचे तिथले एकुलते एक दोस्त होते. कार्डात हिंदीत लिहिलं होतं की एका साहेबांची बदली झाली आहे, ते आपला पूर्ण संच बॅगेसकट विकायला ठेवून गेले आहेत, माल उत्तम आहे, आणि तू नेहमी ज्या पोरीबद्दल लिहितोस तिला घेऊन ये. बाबांनी ते कार्ड तीनदा वाचलं. मला तेव्हा कळलं की बाबा माझ्याबद्दल कुणाला तरी पत्रं लिहितात.

त्यानंतरचे आठ दिवस घरात त्या बॅगेशिवाय दुसरा विषय नव्हता. बाबांना साहेबांची ती बॅग चांगलीच आठवत होती. तपकिरी चामड्याची, खांद्याला रुंद पट्टा, चेंडूंना एक खिसा, पाण्याच्या बाटलीला एक, छत्री अडकवायला बाजूला कडी. मायनं विचारलं, "पोरीले खेळाले काठी पाहिजे का थैला?" बाबा रागावले नाहीत. नांगराचा फाळ दगडावर घासत होते, ते थांबवून म्हणाले, "बारा वर्षं मी त्या बॅगा पाह्यल्या. आपल्या माणसाच्या खांद्यावर दुसऱ्याची बॅग रोज दिसे. सोताची एकदाही नाही दिसली." पैशाची सोय कशी झाली ते मला आजपर्यंत माहीत नाही. विचारायचं धाडस तेव्हा नव्हतं आणि नंतर सांगायला कुणी उरलं नाही.

आम्ही निघालो त्या पहाटे मायनं ज्वारीच्या भाकरी, कोरडा झुणका, लसणाचा ठेचा आणि दोन कांदे फडक्यात बांधून दिले. बाबांनी टेरिकॉटची पँट घातली होती आणि फौजेतले बूट, जे त्यांनी आदल्या संध्याकाळी तेल लावून ठेवले होते. बुलढाण्याहून एसटीनं राजूरचा घाट उतरून मलकापूर, तिथून रेल्वेनं नागपूर. माझी रेल्वेत बसायची ती पहिलीच वेळ. बाहेर काळ्या मातीची वावरं मागं पळत होती, कुठं हरभरा सोंगायचं काम चालू होतं, आणि बाबा मला संच कसा पारखायचा ते शिकवत होते. काठीचा नंबर जितका लहान तितका चेंडू खालून आणि लांब जातो, नंबर मोठा झाला की उंच जातो आणि जवळ पडतो. मुठीचं चामडं झिजलेलं असलं तर बदलता येतं, दांडी वाकलेली असली तर घ्यायची नाही. बडनेऱ्याला आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. समोर बसलेल्या म्हातारीला बाबांनी अर्धी भाकर आणि ठेचा दिला आणि तिला सांगितलं, "पोरीसाठी खेळाचं सामान आणाले जाऊन राह्यलो." एवढं आनंदी मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

हमीदचाचांचं दुकान म्हणजे टिनाची एक लांबट शेड. आत वॉर्निश, चामडं आणि घासलेट यांचा मिळून एक वास होता, तो मला अजून कुठंही आला तरी ओळखू येतो. भिंतीला काठ्याच काठ्या टांगलेल्या. चाचा स्वतः काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बाबांना त्यांनी मिठी मारली आणि मला म्हणाले, "तो ये है वो बेटी जो बबूल से मारती है." मग चहा सांगितला आणि खाटेवरचं पोतं बाजूला केलं.

ती बॅग खरंच सुंदर होती. खाटेवर एखादं जनावर विसावलं असावं तशी आडवी पडली होती, आणि तिच्या तोंडातून काठ्यांची चकचकीत डोकी बाहेर आली होती. बाबा जवळ गेले. त्यांनी हात पँटीला पुसले आणि मग पट्ट्यावरून एक हात फिरवला. चाचांनी शिंप्याची फीत काढून माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. "लोग कद देखते हैं," ते म्हणाले, "काठी हमेशा कलाई से नापो." लांबी बरोबर होती. सगळंच बरोबर होतं. बाबांनी बॅगेतून सात नंबरची काठी काढून माझ्या हातात दिली. शेडच्या मागं जुन्या गोणपाटांचा एक पडदा टांगलेला होता, त्याच्यासमोर चाचांनी चेंडू ठेवला.

मी उभी राहिले आणि काठी धरली तेव्हा तिचं डोकं उलटं होतं. चेंडूकडे तिची पाठ आली, कारण ती उजव्या हातानं मारणाऱ्यासाठी घडवलेली होती. मी काठी फिरवून पाहिली, पुन्हा तेच. हे असं होणार हे मला का सुचलं नव्हतं कोण जाणे, आणि बाबांनाही कसं सुचलं नाही, ज्यांनी बारा वर्षं या काठ्या पाहिल्या होत्या. ते हळूच म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं उभी राह्य." मैदानावरून परतणारे दोघे-तिघे पाहायला थांबले होते. मी दुसऱ्या बाजूनं उभी राहिले, उजवा हात खाली घेतला आणि मारला. चेंडू चार हातांवर घरंगळला. दुसरा काठीला लागलाच नाही. तिसऱ्याला मी माती उडवली. पाचवा-सहावा झाला तेव्हा माझे कान तापले होते आणि मला शाळेतली ती पट्टी आठवत होती. पाहणारे निघून गेले. बाबा म्हणत होते, "होईन, होईन. सवय नाही हाताले."

हमीदचाचा चेंडूकडे पाहतच नव्हते, माझ्या पायांकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, "बेटी, चिठ्ठी किस हाथ से लिखती हो?"

"उजव्या."

"और रोटी?"

"भाकर डाव्या हातानं थापते."

"पत्थर?"

"डाव्या."

ते आत गेले. कोपऱ्यातल्या एका ड्रममध्ये टाकाऊ काठ्या उभ्या होत्या, त्यात बराच वेळ खडखड केली आणि तीन काठ्या घेऊन आले. एक पाच नंबर, जिच्या डोक्यावर गंजाचे तांबूस ठिपके होते. एक आठ नंबर, मुठीला चामड्याऐवजी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पाच नंबरच्या काठीशी कसलंच नातं नसलेली. तिसरी पटर, म्हणजे हिरवळीवर चेंडू छिद्रात ढकलायची काठी, पितळी, सपाट. "दो लेफ्टी हैं," चाचा म्हणाले. "ये पटर दोनों तरफ से चलता है, इसको आधा गिनो. ढाई काठी है मेरे पास. पूरे शेड में बस ढाई."

आठ नंबर माझ्या हातात आली. मी माझ्या बाजूनं उभी राहिले. भाकर थापताना हात जितका सैल सोडतो तितकाच सोडला आणि मारला. बाभळीची काठी चेंडूला लागली की ठप्प असा आवाज यायचा. हा आवाज तसा नव्हता. सुपारी एका घावात फुटावी तसा तो होता, आणि हाताला काहीच जाणवलं नाही, जणू मध्ये चेंडू नव्हताच. गोणपाट मागं ढकललं गेलं आणि त्यातली जुनी धूळ उन्हात उडाली. मी न विचारता दुसरा चेंडू ठेवला. मग तिसरा. मला हसू यायला लागलं होतं, ते मी ओठ दाबून आवरत होते.

बाबांनी ते पाहिलं. त्यांना खेळ कळत होता, त्यामुळे त्यांनी काय पाहिलं हे समजायला त्यांना वेळ लागला नसणार. पण ते चाचांकडे वळून म्हणाले, "दोन काठ्यांत खेळ होते का हमीदभाई? बाकीच्या कुठून आणू मी? डावऱ्या काठ्या पैदाच होत नाहीत इकडे."

"हवालदार, सीखनेवाले को दो बहुत हैं. चौदह दोगे तो छह महीने यही सोचेगी कि कौन सी निकालूँ."

बाबा माझ्याकडे आले. त्यांचा आवाज समजुतीचा होता, आणि तेच मला जड गेलं. "सुजाता, पाह्य. हा संच जनमभर पुरते. बॅग पाह्य कशी हाय. थोडे दिवस जड जाईन, मंग उजव्यानं येईन तुले. लिहाले नाही शिकली तू?"

"शिकली, बाबा," मी म्हणाले. "पण लिहाले मले अजून मजा नाही येत."

त्यांनी खाटेवरच्या बॅगेकडे पाहिलं. मी पुढं म्हणाले, "मले ह्या पाहिजे. अडीच." बाबांच्या इच्छेविरुद्ध मी काही मागितलं ते आयुष्यात पहिल्यांदा. बाबा खाटेपाशी गेले. सात नंबरची काठी त्यांनी रुमालानं पुसून बॅगेत होती तिथं ठेवली, खिशांची बटणं लावली, पट्टा सरळ केला आणि पोतं वर ओढून दिलं, जसं कुणी झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं. मग चाचांना म्हणाले, "ह्या बांधून द्या."

परवा माझ्या नातीनं मोबाइलवर चौदा काठ्यांचा चकचकीत संच दाखवला. पुण्याला तिच्या ऑफिसच्या मैत्रिणी खेळतात म्हणे, तिलाही शिकायचं आहे. "आजी, पूर्ण सेटच घेऊन टाकू का?" मी तिला सांगितलं, आधी कुणाच्या तरी दोन काठ्या मागून घे, एक मधल्या नंबरची आणि एक पटर, मनगट मोजून घे, आणि मारल्यावर हसू येतं का ते पाहा. ती म्हणाली, साईटवर असं काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, नसेल.

परतीच्या प्रवासात त्या अडीच काठ्या सुतळीनं बांधलेल्या गोणपाटात बाबांच्या मांडीवर होत्या. अकोल्याला चढलेल्या एका माणसानं विचारलं, "छत्र्या हायेत का भाऊ?" बाबा म्हणाले, "हाव." मी तोंड खिडकीकडे केलं. मलकापूरपर्यंत ते सुतळीची गाठ बोटानं चाचपत राहिले, आणि घाट चढताना एसटीत डोळे मिटून बसले. घरी मायनं सुतळी सोडली, गंजलेली पाच नंबर हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "हे आणाले एवढ्या दूर गेले होते तुमी?" बाबा विहिरीवर हातपाय धुवायला निघून गेले. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी डाव्या हातात आठ नंबर धरून तिला दाखवली. ती बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "जेवून घे." त्या दिवशी तिनं माझ्या हाताला चिंधी बांधली नाही. नंतरही कधी बांधली नाही.

बाबा मात्र पडीकावर यायचे थांबले. काम आहे म्हणायचे. मी एकटी जाऊन मारत राहिले. आठ नंबरनं चेंडू नाला ओलांडून जायला लागला, आणि वासुदेवभाऊंचा ओचा जड व्हायला लागला. आनंद होता, पण तो सांगायला माझ्याजवळ माणूस नव्हता. उन्हाळा तसाच गेला. मृगाची पेरणी उरकली, आणि एका सकाळी मी पाहिलं तर बाबा वावराच्या वरच्या कोपऱ्यात, विहिरीजवळच्या चांगल्या जमिनीत, कुदळ घेऊन एक मोठा गोल खणत होते. मायची धान्याची चाळण बाजूला पडली होती आणि तिच्यातून ते माती चाळत होते. जवळ नाल्याकाठून उपटून आणलेल्या हराळीचा ढीग होता.

आमच्याकडे शेतकऱ्याचा जन्म हराळी खणून काढण्यात जातो. एक कांडी राहिली तरी ती सगळं वावर खाते. वासुदेवभाऊ बांधावर उभे राहून पाहत होते आणि त्यांच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा पाहिलं. शेवटी म्हणाले, "हवालदार, वावरात हराळी लावून राह्यले? येड लागलं का बाप्पा?"

"लागलं," बाबा म्हणाले. "बांधाच्या इकडे येऊ देत नाही मी तिले. तुमी काळजी नका करू."

मी खाली बसून त्यांच्यासोबत हराळीच्या कांड्या रोवायला लागले. बऱ्याच वेळानं विचारलं, "बाबा, माह्यावर राग हाय का?"

"राग काऊन?" त्यांनी माती दाबत वर न पाहता म्हटलं. "बॅग मले पाहिजे होती. तुले नाही. हे मले घाट चढून आल्यावर समजलं. मंग तुले सांगाची लाज वाटली." आणखी एक कांडी रोवून ते म्हणाले, "तुले मारता येते. आता जागा पाहिजे."

पुढं मी थोडीफार खेळले. नागपूरच्या त्याच मैदानावर दोन स्पर्धांत उतरले, एकीत सातवी आले, दुसरीत त्याच्याही खाली. नोकरी लागल्यावर उरलेल्या डावऱ्या काठ्या एकेक करून जमवल्या. शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून तीस वर्षं काढली आणि एकाही डावऱ्या पोराच्या हातातली बॅट बदलू दिली नाही. ते वावर आता चुलतभावाकडे आहे, त्यात सोयाबीन असतं, आणि तो सांगतो की वरच्या कोपऱ्यात हराळी अजून निघते, काही केल्या जात नाही. मी ऐकून घेते.

पण मला सांगायचा आहे तो कार्तिकातला दिवस. चार महिन्यांत बाबांनी आपली सगळी विद्या त्या गोलात ओतली होती. पाण्यानं भरलेला पिंप लोटून जमीन दाबली होती, धनगराकडून मेंढ्यांची लोकर कापायची कातर मागून आणली होती आणि दुखऱ्या गुडघ्यावर बसून हराळी वीतवीत सरकत जमिनीलगत कापली होती. मध्ये तुपाचा रिकामा डबा पुरून छिद्र केलं होतं. एका बाजूनं हलका उतार होता, तो त्यांनी मुद्दाम ठेवला होता. छावणीतल्या सहाव्या हिरवळीचा उतार, म्हणाले. सकाळची वेळ होती. मी पटर घेऊन खेळत होते, बाबा अनवाणी बाजूला उभे होते, आणि माझे चेंडू डब्याच्या डाव्या-उजव्या बाजूनं निघून जात होते. माय भाकरीची टोपली घेऊन आली आणि ती टेकवायला जागा शोधत थोडा वेळ पाहत राहिली.

"एवढ्याशा डब्यात चेंडू टाकाचा? आन तोही पडत नाही?"

"तूच मार, माय," मी म्हटलं.

तिनं टोपली बांधावर ठेवली. पदर खोचला. पटर तिनं खराट्यासारखा धरला, पाय एकत्र, मान वाकडी, आणि अंगण झाडताना कचरा जसा पुढं ढकलतात तसा तो चेंडू ढकलला. चेंडू निघाला, उतारावर वळला, हळू झाला, आणि डब्यात पडून टण्ण वाजला.

बाबा म्हणाले, "चुकून लागला."

"मंग तुमी मारा."

बाबा एकदम अवघडले. मी पटर त्यांच्यापुढं धरला. हिरवळीवर त्यांनी आजवर कधी चेंडू मारला नव्हता, हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी वाटलं की ते नाही म्हणतील. पण त्यांनी तो घेतला. खाली बसून उताराकडे पाहिलं, जो त्यांनी स्वतः चाळलेल्या मातीनं घडवला होता. उठून दोन बोटं डावीकडे नेम धरला आणि मारला. चेंडू डब्याला वळसा घालून गेला. दुसरा जवळून मारला, तोही गेला. तिसरा इतक्या जवळ होता की फुंकर घातली असती तरी पडला असता. तो डब्याच्या काठावर फिरला आणि बाहेर येऊन थांबला.

माय कमरेवर हात ठेवून पाहत होती. "बारा वर्षं," ती म्हणाली, "तुमी तिथं नेमकं काय करत होते?"

बाबा हसायला लागले. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग मोठ्यानं. त्यांचं असं हसणं मी नागपूरला जाताना रेल्वेतही ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांचा गुडघा लटपटला, त्यांनी पटर टेकवला, आणि ते तिथंच, हिरवळीच्या मधोमध, खाली बसले. मी मायकडे पाहिलं. बाबांनी शेजारच्या गवतावर हात थोपटला.

"ये. इथं आण ती टोपली."

त्या हिरवळीवर मांडी घालून आम्ही तिघांनी भाकर खाल्ली. झुणका सांडला, कांद्याची सालं उडाली, बाबांनी काहीच उचललं नाही.